लाल ठोकळ्याची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. किल्ली म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तिजोरी येईल, नाहीतर एखाद्या राजाचा खजिना. तसलं काही मनात आणू नका. मी एका कारखान्यातल्या बायकांच्या बाथरूमची किल्ली होते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबते. पुढे हसायला फारशी जागा नाही.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. पितळेच्या पट्टीतून कापलं, कडा घासल्या, दाते पाडले, झालं. आम्ही तिघी बहिणी एकाच कुलपाबरोबर एकाच तारेत अडकवून दुकानात आलो. तिघींचं पितळ एक, दाते एक, वजनात गुंजभराचाही फरक नाही. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिघींचं नशीब जे वेगवेगळं झालं त्यात आमच्या गुणांचा काही संबंध नव्हता.

आम्हाला विकत घेतलं ते शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मॅनेजरने. कारखाना म्हणजे एक लांबलचक हॉल. दोन्ही बाजूंना शिलाई मशिनींच्या रांगा आणि एकेका रांगेत एकवीस बायका. कुणी कॉलर शिवायची, कुणी बाही जोडायची, कुणी काज करायची, शेवटची बटण लावायची. एकीचा हात थांबला की तिच्या पुढ्यात ढीग साचायचा आणि पुढची रिकामी बसायची. हॉलच्या एका टोकाला मॅनेजरची काचेची केबिन होती. दुसऱ्या टोकाला कापड कापणाऱ्या तीन मास्तरांचं भलंमोठं टेबल होतं, आणि त्या टेबलामागे दोन दारं, एक बायकांचं आणि एक पुरुषांचं.

तोवर त्या दारांना कुलूप नव्हतं. मग एकदा पाइप तुंबला. दोन्ही बाजूंचा पाइप पुढे जाऊन एकच होत होता. प्लंबरने सळई घालून जे बाहेर काढलं त्यात कापडाच्या चिंध्या होत्या आणि सिगारेटची चार रिकामी पाकिटं होती. चिंध्या बघून मॅनेजर म्हणाला, या बायकांना काही म्हणजे काही कळत नाही. पाकिटांबद्दल तो काही बोलला नाही. बेचाळीस बायकांतली एकही सिगारेट ओढत नव्हती, आणि सगळ्यांत जास्त चिंध्या कुणाच्या टेबलाखाली पडतात हे झाडणारीलाही ठाऊक होतं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची रीत फार जुनी आहे. त्याच संध्याकाळी बायकांच्या दाराला कुलूप लागलं. चार दिवस फक्त, असं मॅनेजर म्हणाला, शिस्त लागली की काढू. मी तिथून निघाले तेव्हा त्या चार दिवसांना अकरा वर्षं झाली होती. पुरुषांच्या दाराला तेव्हाही कडी नीट बसत नव्हती आणि अकरा वर्षांनीही बसत नव्हती.

आम्हा बहिणींची वाटणी झाली. थोरली गेली मालकाकडे. मालक महिन्यातून एकदा यायचा आणि त्या दाराकडे त्याने कधी मान वळवूनही पाहिलं नाही, पण मालकाला प्रत्येक कुलपाची किल्ली लागते, उघडायचं असो नसो. ती चामडी पाकिटात जाऊन बसली आणि जन्मभर चकचकीत राहिली. मधली मॅनेजरच्या जुडग्यात गेली, कधी पाहुण्या बाया आल्या तर असावी म्हणून. मी धाकटी, केबिनच्या दाराशी खिळ्यावर. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी चुकून मला खिशात घालून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सुताराकडून वीतभर लांबीचा एक जाड लाकडी ठोकळा आला, त्याला लालभडक रंग फासला गेला, आणि साखळीने मला त्याला जखडलं. आता मला कुणी खिशात घालू शकणार नव्हतं. मला घेऊन जाणारी कुठे चालली आहे हे अख्ख्या हॉलला दिसणार होतं.

रीत अशी पडली. मशीन बंद करून उठायचं, केबिनच्या दारात उभं राहायचं, आणि म्हणायचं, "साहेब, चावी." मॅनेजर फोनवर असला तर फोन संपेपर्यंत उभं राहायचं. मग ठोकळा हातात घेऊन दोन्ही रांगांच्या मधून सगळा हॉल पार करायचा आणि कटिंगमास्तरांच्या टेबलाला वळसा घालायचा. मास्तरांपैकी एकाला विनोदाची फार हौस. काय, सहल निघाली का, असं तो रोज विचारायचा आणि बाकीचे दोघं रोज नव्याने हसायचे. एकीने ठोकळ्यावर कापडाचा तुकडा टाकून पाहिला. मॅनेजरने तिला बोलावून समजावलं की ठोकळा दिसावा म्हणूनच तर लाल केलाय.

तुम्हाला वाटेल, मॅनेजर दुष्ट असणार. तो दुष्ट असता तर गोष्ट सोपी झाली असती. कुणाचं मूल आजारी पडलं तर तो न कुरकुरता सुटी द्यायचा. एका बाईच्या मुलाची शाळेची फी त्याने स्वतःच्या खिशातून भरली होती. किल्ली द्यायला त्याने कधी नाही म्हटलं नाही. तो फक्त आधी स्वतःचं बोलणं पूर्ण करायचा. दारात कुणी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभं आहे याचा त्याला त्रास व्हायचा नाही, कारण तसं उभं राहायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

आणि खोटं कशाला बोलू, मला त्या दिवसांत फार बरं वाटायचं. बेचाळीस जणी रोज माझं नाव घेत होत्या. थोरल्या बहिणीला कुणी विचारत नव्हतं आणि माझ्यावाचून इथे कुणाचं पान हलत नव्हतं. आतल्या खुंटीवर मला अडकवलं की बायका तिथे काय काय करतात तेही मलाच दिसायचं. कुणी नळ सोडून रडायची, कुणी नुसती भिंतीला कपाळ टेकून दोन मिनिटं उभी राहायची. मी म्हणायचे, बघा, केवढ्या विश्वासाची जागा आहे माझी. एवढा मूर्खपणा किल्लीलाच शोभतो असं तुम्ही म्हणाल, पण मी तो पुढे माणसांतही पाहिला.

हळूहळू बायका पाणी पिईनाशा झाल्या. माठ संध्याकाळपर्यंत भरलेलाच राहायचा. नवी मुलगी कामाला लागली की जुन्या बायका तिला मायेने पहिल्या दिवशीच शिकवायच्या, सकाळी घरूनच जाऊन ये, पाणी दुपारनंतरच पी, आणि साहेब फोनवर असले तर खोकू नकोस. मॅनेजरला हे नियम कधी सांगावे लागले नाहीत. बायकांनी ते आपसांतच पाठ करून घेतले होते, आणि एखादीने मोडले तर मास्तरांच्या आधी त्याच नाक मुरडायच्या.

आता दोघींची ओळख करून देते, कारण माझं सगळं आयुष्य त्या दोघींच्या मधेच गेलं. एक होती काज करणारी, वयाने मोठी, अबोल. तिला सगळे काजमावशी म्हणायचे. दुसरी कॉलर शिवणारी, कॉलरताई, जिभेला हाड नसलेली. कॉलरताई कामाला लागली तेव्हा तिला धड बॉबिन भरता येत नव्हती. तिसऱ्याच दिवशी घरी पाठवायला निघाले होते तिला. मावशीने रोज डबा खायच्या सुटीत, स्वतःचा घास तसाच ठेवून, तिला हात धरून शिकवलं. कॉलर उलटवताना तिचं टोक कात्रीने बाहेर काढलं तर कापड फाटतं. म्हणून मावशीने तिला बांबूची एक काडी तासून दिली, टोकाला गुळगुळीत केलेली. ती काडी कॉलरताई केसांत खोचून फिरायची. दोघी एकमेकींना अगंतुगं करायच्या आणि एकाच डब्यात जेवायच्या.

कुलूप लागल्याच्या आठव्या वर्षी मावशीला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टरने दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं. मावशीने एक मोठी बाटली आणली, तिच्यावर पेनाने खुणा केल्या आणि खुणेखुणेने पाणी प्यायला लागली. तीन लिटर पाणी प्यायलं की जे व्हायचं ते होणारच. ती दिवसातून आठ-नऊ वेळा केबिनच्या दारात उभी राहू लागली. विनोदी मास्तर मोठ्याने आकडा मोजायचा. तिसऱ्या आठवड्यात मावशीने बाटली पिशवीतून बाहेर काढणंच सोडलं, आणि चौथ्या आठवड्यात ती मशीनवर कळवळून वाकडी झाली.

त्या दिवशी कॉलरताईने मशीन बंद केलं. तिच्या मागची थांबली, मग पुढची, मग पलीकडची रांग. हॉलमध्ये एवढी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. कॉलरताई केबिनमध्ये शिरली, दारात थांबली नाही.

"साहेब, ही मावशी दिवसातून नऊ वेळा तुम्हाला विचारते. तुम्ही दिवसातून किती वेळा जाता ते आम्ही कधी विचारलं का?"

मॅनेजर कानापर्यंत लाल झाला, माझ्या ठोकळ्यासारखा. मग तो हसला, बसा म्हणाला, दोन दिवस द्या म्हणाला. दोन दिवसांनी त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की कॉलरताई आजपासून सुपरवायझर, आणि किल्ली तिच्या ताब्यात. बायकांनी बायकांकडेच मागायची, लाजायचा प्रश्नच मिटला. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजरलाही आपण केवढं चांगलं काम केलं असं वाटलं असावं. कुलूप काढायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांच्याही नाही.

पहिला महिनाभर मी कॉलरताईच्या टेबलाशेजारी खिळ्यावर लटकत होते आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं. उठायचं, मला उचलायचं, जायचं. माठ दुपारीच रिकामा व्हायला लागला. माझ्या आयुष्यातला तो एक महिना मी अजून जपून ठेवलाय.

कॉलरताईला कुणी कधी सांगितलं नाही की मैत्रिणींना अडव. मॅनेजर तिला फक्त रोज संध्याकाळी फळ्यावरचा शर्टांचा आकडा दाखवायचा. तुमची रांग मागे पडतेय, मी काही म्हणत नाही, तुम्हीच बघा, एवढंच. मग मी खिळ्यावरून ड्रॉवरमध्ये गेले, हरवू नये म्हणून. मग एका वेळी एकीनेच उठायचं ठरलं. मग "आत्ताच तर गेली होतीस" हे वाक्य सुरू झालं. कॉलरताई मॅनेजरबरोबर केबिनमध्ये चहा प्यायला लागली आणि तिच्या केसांतली ती बांबूची काडी ड्रॉवरमध्ये माझ्याशेजारी येऊन पडली. सुपरवायझरला कॉलर उलटवावी लागत नाही.

एक दिवस दुपारच्या सुटीत ती मला घेऊन कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे गेली. त्याने मला पकडीत आवळलं, शेजारी एक कोरी पट्टी लावली आणि कानशीने माझ्यासारखे दाते पाडायला सुरुवात केली. मध्येच त्याने ठोकळ्याकडे पाहून विचारलं, "ही एवढं लाकूड बांधलेली कुणाची?"

"कारखान्यातली. बायकांची."

"आणि ही नवी?"

"माझी," कॉलरताई म्हणाली.

त्यानंतर तिने ठोकळ्याला स्वतःच्या कामासाठी कधी हात लावला नाही. तिची किल्ली मुठीत मावायची. मास्तरांच्या टेबलापुढून ती रिकाम्या हातांनी गेल्यासारखी जायची आणि विनोदी मास्तर तिच्यासाठी सरकून वाट द्यायचा. ठोकळा किती जड आहे हे ती सहा महिन्यांत विसरली. मी तिला दोष द्यायला बसले नाही. मावशीची औषधं तीच आणून द्यायची, तीही स्वतःहून. फक्त एकदा तिला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही माझ्या जवळच्या. तुम्हालाच सारखं सोडलं तर बाकीच्या काय म्हणतील?" मावशीला ते पटलं, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. त्या दिवसापासून हॉलमध्ये त्यांचं अगंतुगं संपलं. मावशी तिला मॅडम म्हणायला लागली, आणि डबे दोन झाले.

मग तो दिवस आला. मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार होतं, मालक स्वतः त्यांना घेऊन येणार होता. सकाळीच सूचना झाली की पाहुणे असताना एकही मशीन बंद दिसता कामा नये. पाहुणे दहाला येणार होते, ते पावणेबारापर्यंत आले नाहीत. मावशीची बाटली दुसऱ्या खुणेपर्यंत रिकामी झाली होती. ती दोनदा उठायला गेली आणि दोनदा बसली. शेवटी उठून टेबलापाशी आली.

"मॅडम, चावी."

ड्रॉवर उघडला. बोटभर फटीतून माझ्यावर उजेड पडला आणि कॉलरताईची बोटं मला दिसली. त्याच वेळी जिन्यावर बुटांचे आवाज आले. बोटं थांबली.

"पाहुणे जाईपर्यंत थांबा," ती म्हणाली, आणि ड्रॉवर बंद झाला.

पुढचं मी पाहिलं नाही. ते मला पुढे बटण लावणाऱ्या मुलीच्या तोंडून कळलं. पाहुणे एकेका मशीनपाशी थांबत चालले होते. काज करणारीपाशी एक पाहुणी थांबली, शर्ट हातात घेऊन तिने काजाचा टाका निरखला आणि म्हणाली की इतकं बारीक काम तिने कुठे पाहिलं नाही. मावशी बसून राहिली. मॅनेजर हसत म्हणाला, उठा की मावशी, पाहुणे तुमचं कौतुक करताहेत. मावशीने मान हलवून नाही म्हटलं. त्याला वाटलं, लाजतेय. त्याने पुन्हा आग्रह केला, आणि मालकानेही केला. मावशी उठली. उठल्यावर तिच्या हातात काही राहिलं नाही.

शेजारची बटणवाली बावीस वर्षांची पोर. तिने क्षणात हात मारून मावशीची बाटली आडवी केली. उरलेलं सगळं पाणी खुर्चीवर, फरशीवर, मावशीच्या कपड्यांवर वाहिलं. अगंबाई, सांडलं की, असं म्हणून ती उभी राहिली. पाहुणी बूट सांभाळत बाजूला झाली. मॅनेजर बटणवालीवर डाफरला, लक्ष कुठे असतं तुमचं. कॉलरताई फडकं घेऊन धावत आली आणि खाली वाकली. वाकल्यावर तिला कळलं. तिने वर मावशीकडे पाहिलं.

"पाणीच आहे, मॅडम," मावशी म्हणाली. "द्या, मी पुसते."

तिने कॉलरताईच्या हातातून फडकं घेतलं आणि स्वतः पुसलं. पाहुण्यांना काही कळलं नाही. संध्याकाळी मॅनेजरने कॉलरताईला सांगितलं की आज तिने फार छान सांभाळलं. मला ऐकू येत होतं, मी ड्रॉवरमध्येच होते. पाहुणे गेल्यावरही दिवसभर मला कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी वेळेवर आली आणि सगळ्यांत आधी तिने मला मागितलं. कॉलरताईने मान वर न करता दिलं. मावशी आत गेली, तोंड धुतलं, बाहेर आली. उघडं कुलूप कडीला तसंच लटकत ठेवलं आणि मला ठोकळ्यासकट डब्याच्या पिशवीत टाकलं. मग मागच्या जिन्याने उतरली आणि पुन्हा कधी गेली नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीतून तिने कारखान्याची एवढी एकच वस्तू घरी नेली.

पिशवीत मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. मला वाटलं, संपलं, आता ते दार उघडंच राहणार. मग कधीतरी बटणवाली मावशीला भेटायला आली तेव्हा खरं कळलं. मधल्या बहिणीवरून दुपारपर्यंत नवी किल्ली पाडली गेली. सुताराने नवा ठोकळा दिला. लाल रंग संपला होता, म्हणून तो निळा केला, एवढाच काय तो फरक पडला.

मावशीचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने सारखं आपटायचं, म्हणून मावशीने माझा ठोकळा त्याला टेकू म्हणून लावला. तेव्हापासून मी जमिनीवर असते, एका खोलीत कान आणि दुसऱ्या खोलीत शेपूट अशी. घरात मावशी, तिचा मुलगा आणि सून. इथे मावशीला कुणी मावशी म्हणत नाही, आई म्हणतात. ती खुर्चीवर बसून भाजी निवडते, सांगते, आणि तिचं ऐकलं जातं. सुनेला दिवस गेलेले, चौथा महिना. मावशी तिला जड बादली उचलू देत नाही, तिच्या गोळ्या वेळेवर पुढ्यात ठेवते. मला वाटलं, बरं झालं, शेवटी माणसांच्या घरात आले.

तीन महिन्यांनी एका सुटीच्या दुपारी कॉलरताई आली. हातात बिस्किटांचा पुडा. बराच वेळ ती दारातच उभी होती, मग मावशी म्हणाली, "ये. आत ये, उभी काय राहतेस?" दोघी समोरासमोर बसल्या. सुनेने चहा करून आणला आणि ती माझ्याशेजारी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, काही लागलं तर द्यायला.

"मावशी, ड्रॉवर मी उघडला होता," कॉलरताई म्हणाली.

"माहीत आहे. मी बघत होते."

"माझी जागा गेली असती."

"तेही माहीत आहे."

कॉलरताई रडली. मावशीने तिला रडू दिलं. मग म्हणाली की जाऊ दे, तुझं तरी काय, ती खुर्चीच तसली, बळी तो कान पिळी. कॉलरताईने पिशवीतून ती बांबूची काडी काढली आणि मावशीच्या हातात ठेवली. मावशीने ती पुन्हा तिच्या केसांत खोचली. मग जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. विनोदी मास्तराचे दात पडले आणि आता त्याचा विनोद त्यालाच नीट उच्चारता येत नाही, हे ऐकून मावशी डोळे पुसेपर्यंत हसली. चहा पुन्हा झाला. दीड तास होऊन गेला.

मी जमिनीवर असते, मित्रांनो, मला चेहऱ्यांच्या आधी पाय दिसतात. सुनेचे पाय घोट्यापासून सुजून टम्म झाले होते. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. ते उभं राहणं मी आठ वर्षं केबिनच्या दारात पाहिलं होतं, मला ते लांबूनही ओळखू येतं. शेवटी ती हळूच म्हणाली, "आई, मी जरा आत जाऊन पडू का? पाय फार भरून आलेत."

मावशीच्या ओठांवर अजून हसू होतं. तिने मान वळवली नाही.

"पाहुणे जाईपर्यंत थांब."

कॉलरताईचा कप तोंडापाशी थांबला. तिने सुनेकडे पाहिलं, तिच्या पायांकडे पाहिलं आणि मग तिला मी दिसले. लाल रंग बराच उडालाय, पण तिने ओळखलं. तिने कप खाली ठेवला.

"मी निघते, मावशी."

"अगं, चहा तरी संपव. एवढी काय घाई?"

"तिला पडू दे. पाय बघ तिचे."

"पडेल की नंतर. आम्ही नाही का उभ्या राहिलो?" मावशी म्हणाली, आणि तिच्या दंडावर चापट मारून हसली. "माझ्या घरात तुझी सुपरवायझरी नको हं."

कॉलरताई उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, ते मला तिच्या पायांवरून कळत होतं, पण तिला तो अधिकार होता कुठे? ती गेली. तिने कारखान्यात जाऊन निळ्या ठोकळ्याचं पुढे काय केलं ते मला ठाऊक नाही. काही केलं असतं तर बटणवालीने सांगितलं असतं. मावशीने दार लावून घेतलं, म्हणाली, गेली बघ बिचारी, तुझ्यामुळे तिला अवघडल्यासारखं झालं. मग कप विसळून ठेव आणि मग पड, असं सांगून ती पुन्हा खुर्चीवर बसली. मावशीवर मी चिडू शकले नाही, हीच माझी सगळ्यांत मोठी अडचण आहे. सून कप गोळा करून मोरीकडे गेली. जाताना तिच्या सुजलेल्या पायाचा अंगठा ठोकळ्याला लागला.

तर अशी मी. अशा वेळी जुन्या वस्तूने काहीतरी मागायचं असतं म्हणतात, की आम्हाला पुसा, तेल द्या, जागच्या जागी ठेवा. मला तसलं काही नको. मी गंजले तर कुणाचं नुकसान नाही, आमच्यासारख्या दुपारपर्यंत नव्या पाडता येतात. मला एवढंच मागायचंय. कधीतरी कुणीतरी तुमच्यासमोर उभं राहून "जाऊ का?" असं विचारेल. तेव्हा हो म्हणालात म्हणून स्वतःला चांगलं समजू नका. आधी हे बघा, की त्याला तुम्हाला विचारावं का लागतंय.